स्वरकेंद्र व स्वरसंवाद, अभिजात कालखंडातील

पाश्चात्त्य संगीताच्या इतिहासात स्थूलमानाने १७५० ते १८२० या काळास अभिजात कालखंड म्हणतात. मराठीत ‘अभिजात संगीत’ ही संज्ञा रागसंगीतासह सर्वच कलासंगीतास लावली जाते. प्रस्तुत नोंदीत मात्र ती वरील मर्यादित अर्थाने योजिली आहे. या काळातील संगीताचे प्रमुख केंद्र व्हिएन्ना हे होते आणि हायडन (१७३२–१८०९), मोट्सार्ट (१७५६–९१) व बेथोव्हन (१७७०–१८२७) हे त्याचे श्रेष्ठ रचनाकार होत. एकाच वेळी निनादणाऱ्या स्वरांची परस्परसंगती आणि अशा स्वरसमूहांचा एकापाठोपाठ येण्याचा क्रम यांचे शास्त्र म्हणजे स्वरसंवाद किंवा हार्मनी. एखाद्या रचनेतील सर्व स्वर व स्वरसमूह ज्या एका स्वराकडे ओढ घेतात व ज्यावर अखेरीस विसावतात, तो त्या रचनेचा केंद्रस्वर. आणि त्याच्याभोवती उभी राहणारी समग्र व्यवस्था म्हणजे स्वरकेंद्रितता. या दोन्ही गोष्टी अभिजात कालखंडापूर्वीही होत्या. तथापि केंद्र सोडून दुसरीकडे जाणे, तेथे काही काळ स्थिरावणे व पुन्हा परतणे या क्रियेवर दहा-पंधरा मिनिटांची अखंड वाद्यरचना तोलून धरता येते, ही गोष्ट या कालखंडाने सिद्ध केली. स्वरसंवाद हा सुरावटीखाली घातलेला भराव नसून रचनेतील काळाची आखणी करणारी शक्ती आहे, हे या संगीताच्या आकलनातील मुख्य सूत्र होय.

कॉर्ड व तिची कार्ये : मेजर सप्तकातील स्वर नावापुरते बिलावल थाटाच्या स्वरांसारखेच आहेत. त्यातील एखादा स्वर घेऊन त्यावर एकेक स्वर गाळून आणखी दोन स्वर रचले म्हणजे तीन स्वरांचा संघ तयार होतो. त्यास कॉर्ड म्हणतात. षड्जावरील कॉर्ड सा-ग-प, मध्यमावरील म-ध-सा व पंचमावरील प-नी-रे अशी होते. या तीन कॉर्डमध्ये मिळून सप्तकातील सातही स्वर येऊन जातात आणि म्हणून कोणत्याही साध्या सुरावटीस एवढी सामग्री पुरते. कॉर्डमधील स्वरांचा क्रम पालटला, म्हणजे गांधार किंवा पंचम तळाशी घेतला, तरी तिची मूळ ओळख बदलत नाही, हा सिद्धांत फ्रेंच रचनाकार झां फीलीप रामो (१६८३–१७६४) याने १७२२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या स्वरसंवादविषयक ग्रंथात मांडला. आज तो स्वयंस्पष्ट वाटतो; परंतु त्यापूर्वी तळस्वरावर कोणते अंतर घेतले एवढेच पाहिले जाई व एकाच कॉर्डची निरनिराळी रूपे स्वतंत्र मानली जात.

तिन्ही कॉर्डची कार्ये भिन्न आहेत. षड्जाची कॉर्ड विश्रांतीची, मध्यमाची प्रस्थानाची आणि पंचमाची ओढीची. या कार्यविभागणीस हूगो रीमान या जर्मन पंडिताने १८९३ मध्ये पद्धतशीर रूप दिले. प्रत्यक्ष रचनेत ती त्याआधी शतकभर रूढ होती. पंचमाच्या कॉर्डमध्ये मध्यम मिळवला की प-नी-रे-म असा चार स्वरांचा संघ होतो. त्यातील नी व म यांच्यात विसंवाद असतो. निषाद अर्ध्या स्वराने वर षड्जात जाऊ पाहतो, मध्यम अर्ध्या स्वराने खाली गांधारात उतरू पाहतो आणि दोघांची ही धाव पूर्ण होताच षड्जाची कॉर्ड आपोआप सिद्ध होते. शिवाय ही चतुःस्वरी कॉर्ड बारा मेजर सप्तकांपैकी एकाच सप्तकात त्या सप्तकाच्या स्वतःच्या स्वरांनी बनते. त्यामुळे ती ऐकू येताच केंद्र कोठे आहे याचा निर्देश होतो. षड्ज प्रत्यक्ष वाजावा लागत नाही. अभिजात रचनाकारांच्या हाती असलेले हे सर्वांत प्रभावी साधन होते आणि पुढे येणारी बहुतेक किमया त्यावर आधारलेली आहे.

मोट्सार्टने १७८८ साली नवशिक्यांसाठी रचलेल्या सी मेजर पियानो सोनाटाच्या (के. ५४५) प्रारंभी हे कार्य नितळपणे पाहावयास मिळते. पहिल्या तालखंडात केवळ षड्जाची कॉर्ड आहे. दुसऱ्यात पंचमाची येऊन पुन्हा षड्जाची येते. तिसऱ्यात मध्यमाकडून व चौथ्यात पंचमाकडून तसेच परतणे होते. डावा हात कॉर्डचे स्वर एकत्र न दाबता एकेक सुटा करून फिरवतो. या योजनेस इटालियन रचनाकार अल्बेर्टी याचे नाव मिळाले आहे. बाखच्या पिढीतील संगीतात तळाचा स्वर सतत चालता असे व कॉर्डही वारंवार बदलत. येथे एकेक कॉर्ड अर्धा किंवा पूर्ण तालखंड टिकते. कॉर्ड बदलण्याचा वेग मंदावल्यामुळे तो वेग हेच एक अभिव्यक्तीचे साधन झाले. वाक्याच्या शेवटाकडे कॉर्ड झपाट्याने बदलू लागल्या की श्रोत्यास विराम जवळ आल्याची चाहूल लागते.

विराम : संगीतातील वाक्यांना भाषेतील विरामचिन्हांसारखे टप्पे असतात, असे त्या काळातील लेखकांनीच म्हटले आहे. हाइन्रिख क्रिस्टोफ कोख (१७४९–१८१६) याच्या १७८२ ते १७९३ या काळात तीन खंडांत प्रसिद्ध झालेल्या रचनाशास्त्रावरील ग्रंथात या विचाराचे तपशीलवार विवेचन आहे. पंचमाच्या कॉर्डकडून षड्जाच्या कॉर्डवर येणे हा पूर्ण विराम. पंचमाच्या कॉर्डवरच थांबणे हा अर्धा विराम. त्यात प्रश्न विचारल्याचा भाव असतो. पंचमानंतर षड्जाऐवजी धैवताची कॉर्ड आली तर अपेक्षाभंग होतो आणि रचनाकाराला पुढे बोलत राहण्यास निमित्त मिळते. चार तालखंडांचा अर्ध्या विरामाने संपणारा प्रश्न व तेवढ्याच लांबीचे पूर्ण विरामाने संपणारे उत्तर ही जोडी या काळात इतकी रूढ झाली, की तिच्याशी खेळणे शक्य झाले. हायडनने १७८१ मध्ये रचलेल्या ई फ्लॅट मेजर तंतुवाद्यचतुष्टयाच्या (ओपस ३३, क्र. २) अखेरीस सुरावटीचे तुकडे मध्ये मध्ये थांबत वाजतात, मग दीर्घ शांतता पसरते आणि रचना संपली असे वाटत असतानाच सुरुवातीचा पहिला तुकडा हळूच ऐकू येतो व तेथेच खरोखरीचा शेवट होतो. हा विनोद शब्दांवाचून घडतो. मात्र विरामाचे व्याकरण ज्याच्या कानी मुरलेले नाही त्यास तो कळत नाही.

केंद्रांतर : तानपुऱ्याच्या साथीत वाढलेल्या कानास या संगीतातील सर्वांत अपरिचित गोष्ट कोणती असेल, तर ती रचना चालू असताना षड्जच बदलणे ही होय. रागसंगीतात पट्टी एकदा ठरली की मैफल संपेपर्यंत षड्ज अढळ असतो. मूर्च्छनेच्या प्रयोगात दुसरा स्वर घटकाभर षड्ज मानला जातो, परंतु तानपुरा मूळ षड्जाची आठवण देतच राहतो. पाश्चात्त्य रचनेत असा अखंड आधारनाद नसतो; केंद्र कोठे आहे हे कॉर्डच्या ओघातूनच ओळखावे लागते. ते ओळखता न आल्यास सिंफनी म्हणजे एकामागून एक येणाऱ्या बऱ्यावाईट सुरावटींची माळ वाटते, आणि अनेक भारतीय श्रोत्यांची पहिली निराशा याच कारणाने होते.

केंद्रांतराची यंत्रणा साधी आहे. सी मेजरमध्ये शुद्ध मध्यमाच्या जागी तीव्र मध्यम घेतला म्हणजे तो जी या स्वराचा शुद्ध निषाद ठरतो आणि कानाला नव्या षड्जाकडे, म्हणजे मूळच्या पंचमाकडे ओढतो. उलट शुद्ध निषादाऐवजी कोमल निषाद घेतला तर तो एफ या स्वराचा शुद्ध मध्यम होतो व मूळचा मध्यम षड्जपदी येतो. एका स्वराच्या फरकाने शेजारचे केंद्र गाठता येते; जितके अधिक स्वर बदलावे लागतील तितके ते केंद्र दूरचे. पंचमाकडे जाण्याने ताण वाढतो, मध्यमाकडे जाण्याने तो सैलावतो, असा या काळातील सर्वसाधारण अनुभव आहे. म्हणून रचनेच्या पूर्वार्धात पंचमाकडे प्रयाण होते आणि मध्यमाची केंद्रे बहुधा उत्तरार्धासाठी राखून ठेवली जातात.

सोनाटा रूप : या प्रवासाचे सर्वांत विकसित रूप म्हणजे सोनाटाचा किंवा सिंफनीचा पहिला भाग. मांडणीच्या खंडात मूळ केंद्र प्रस्थापित होते, मग पंचमाकडे केंद्रांतर होते व तेथेच खंड संपतो. मधल्या विस्ताराच्या खंडात केंद्रे झपाट्याने बदलतात. अखेरच्या पुनर्मांडणीत मूळ केंद्र परत येते आणि मांडणीत पंचमावर वाजलेली सामग्री आता मूळ षड्जावर वाजते. पाठ्यपुस्तकांत या रूपाचे वर्णन दोन परस्परविरोधी सुरावटींचा संघर्ष असे केलेले आढळते. हे वर्णन एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आडोल्फ बेर्नहार्ट मार्क्स याच्या ग्रंथांनी रूढ केले असून अठराव्या शतकातील संगीतास ते नीट लागू पडत नाही. हायडनच्या १०४ क्रमांकाच्या सिंफनीच्या (१७९५) पहिल्या भागात पंचमावर पोहोचल्यानंतर पहिलीच सुरावट पुन्हा वाजते; दुसऱ्या सुरावटीची गरज त्यास भासत नाही. विरोध केंद्राकेंद्रांमध्ये असतो, सुरावटींमध्ये असेलच असे नाही. पंचमावर मांडलेली सामग्री म्हणजे एक दीर्घ, सोडवून न घेतलेला विसंवाद होय व तो पुनर्मांडणीत मिटतो, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल. अमेरिकन पियानोवादक व लेखक चार्ल्स रोझेन याने १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हीच भूमिका आग्रहाने मांडली आहे.

नियम एवढे दृढ असल्यामुळे त्यांपासून ढळण्यालाही अर्थ येतो. के. ५४५ या उपरोक्त सोनाटात पुनर्मांडणी मूळ सी मेजरमध्ये सुरू न होता मध्यमाच्या केंद्रावर, एफ मेजरमध्ये सुरू होते. तेथून पाच स्वर वर जाण्याची मांडणीतील वाट पुन्हा धरली की रचना आपोआप सी मेजरमध्ये येऊन पोहोचते. बेथोव्हनच्या तिसऱ्या सिंफनीत (१८०३–०४) पुनर्मांडणीच्या तोंडावर व्हायोलिने पंचमाच्या कॉर्डचे स्वर अतिशय हलक्या आवाजात कंपित करत असतात. एवढ्यात एक हॉर्न जणू धीर न निघून षड्जाच्या कॉर्डमधील मुख्य सुरावट वाजवू लागतो. बेथोव्हनचा शिष्य फेर्डिनांट रीस यास तालमीच्या वेळी हॉर्नवादक चुकला असे वाटले होते, अशी त्यानेच आठवण नोंदवली आहे. वस्तुतः येथे ओढ व विश्रांती ही दोन्ही कार्ये क्षणभर एकमेकांवर आरूढ झाली आहेत.

मायनर केंद्र : मायनर सप्तकात गांधार, धैवत व निषाद कोमल असतात. परंतु पंचमाच्या कॉर्डला ओढ येण्यासाठी निषाद शुद्ध करावा लागतो आणि मग स्वर कीरवाणीसारखे होतात. या काळात मेजर केंद्राचे वर्चस्व विलक्षण आहे. मोट्सार्टच्या पारंपरिक क्रमांकाच्या ४१ सिंफनींपैकी केवळ दोन व २७ पियानो कन्चेर्टोंपैकी दोनच मायनर केंद्रात आहेत. त्यामुळे मायनरची निवड ही सहजासहजी होत नसे व ती श्रोत्याच्या तत्काळ ध्यानात येई. अशा रचनांत पहिले केंद्रांतर पंचमाकडे न होता बहुधा कोमल गांधारावरील मेजर केंद्राकडे होते. याचा परिणाम पुनर्मांडणीत जाणवतो. मोट्सार्टच्या जी मायनर सिंफनीत (के. ५५०, १७८८) दुसरी सुरावट प्रथम बी फ्लॅट मेजरमध्ये येते तेव्हा तिच्यात दिलासा आहे, तीच पुनर्मांडणीत जी मायनरमध्ये येते तेव्हा तो दिलासा काढून घेतला जातो. येथे मूळ केंद्राकडे परतणे म्हणजे सुटका नव्हे. मेजर केंद्रातील रचनेत जी क्रिया समाधान देते, तीच मायनरमध्ये दुःखाची निश्चिती करते. बेथोव्हनची पाचवी सिंफनी (पहिला प्रयोग १८०८) सी मायनरमध्ये सुरू होऊन सी मेजरमध्ये संपते, ती याच अटळपणास दिलेले उत्तर म्हणता येईल.

विसंवादाचा विस्तार : कॉर्डचा पाया भक्कम असल्यामुळे तो हलवून पाहण्याचे धाडसही याच काळात झाले. मोट्सार्टचे सी मेजर तंतुवाद्यचतुष्टय (के. ४६५) १४ जानेवारी १७८५ रोजी पूर्ण झाले. त्याच्या बावीस तालखंडांच्या संथ प्रास्ताविकामुळे ते ‘विसंवादी’ या नावाने ओळखले जाते. चेलो सी हा स्वर संथपणे वाजवत राहतो. त्यावर व्हायोला ए फ्लॅट घेते, दुसरे व्हायोलिन ई फ्लॅट. तेवढ्यावरून एखाद्या उदास केंद्राची कल्पना बांधावी, तो पहिले व्हायोलिन शुद्ध ए घेऊन प्रवेश करते व ती कल्पना मोडते. तेविसाव्या तालखंडात सी मेजर निःशंकपणे प्रकटते. हायडनच्या ‘सृष्टी’ या ऑरेटोरिओच्या (पहिला जाहीर प्रयोग १७९९) आरंभी सृष्टिपूर्व अंदाधुंदीचे चित्र आहे. तेथे हायडनने कर्कश स्वरांचा मारा केलेला नाही. त्याने विराम पुढे ढकलले आहेत. कॉर्ड विश्रांतीच्या टोकाशी येतात व वाट बदलतात. मग प्रकाशाचा उच्चार होताच संपूर्ण वाद्यवृंदातून सी मेजरची कॉर्ड उसळते. ही जगातील सर्वांत साधी कॉर्ड, पण तिची इतका वेळ वाट पाहावयास लावल्यामुळे ती ऐकताना चकित व्हावे लागते.

वाद्ये : स्वरकेंद्राच्या निवडीमागे वाद्यांच्या मर्यादाही होत्या व त्यांकडे सौंदर्यशास्त्रीय विवेचनात अनेकदा दुर्लक्ष होते. त्या काळातील हॉर्न व ट्रंपेट यांना झडपा नव्हत्या; त्यांतून एका मूळ नादाचे स्वयंभू स्वरच प्रामुख्याने निघत. हॉर्नच्या नळीला निरनिराळ्या लांबीची वेटोळी जोडून केंद्र बदलता येई, पण त्यास वेळ लागे. हात भोंग्यात घालून मधले स्वर काढता येत, परंतु त्यांचा नाद दबका होई. टिंपनी या नगाऱ्यांची जोडी बहुधा षड्ज व पंचम यांवर लावलेली असे. परिणामी मूळ केंद्रावर वाद्यवृंद सर्वांत भरदार वाजे व दूरच्या केंद्रावर तो विरळ होई. म्हणजेच घरी परतल्याचा प्रत्यय नादाच्या घनतेतूनही येई. बेथोव्हनच्या पाचव्या सिंफनीच्या पहिल्या भागात दुसऱ्या सुरावटीची ललकारी मांडणीत हॉर्न देतात. पुनर्मांडणीत केंद्र सी मेजर असते व ई फ्लॅटच्या हॉर्नना ती ललकारी तेथे तशीच देता येत नाही, म्हणून ती बसूनांकडे सोपवली आहे. झडपांच्या वाद्याचे एकस्व १८१८ मध्ये बर्लिन येथे श्ट्योल्त्सेल व ब्ल्यूमेल यांना मिळाले. तोवर हा कालखंड संपत आला होता.

शास्त्र व अध्यापन : आज विद्यार्थी ज्या परिभाषेत हे संगीत शिकतात ती बहुतांशी नंतरची आहे. ‘स्वरकेंद्रितता’ या अर्थाची फ्रेंच संज्ञा आलेक्सांद्र शोराँ याने १८१० मध्ये योजिली व पुढे फेतिस याने तिचा प्रसार केला. कॉर्डना रोमन आकडे देण्याची पद्धत गोट्फ्रीट व्हेबर याच्या १८१७ नंतर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथामुळे रुळली. प्रत्यक्ष रचनाकार शिकत ते तळस्वरांवर अंक देऊन वाजवण्याचा सराव करीत आणि फुक्सच्या १७२५ मधील ग्रंथातून दोन वा अधिक स्वतंत्र सुरावटी एकमेकींशी जुळवीत. हायडनने हा ग्रंथ स्वतः अभ्यासला व बेथोव्हनलाही त्यातील धडे दिले. त्यामुळे कॉर्डची नावे लिहीत गेले की या संगीताचे विश्लेषण पुरे झाले, ही समजूत टिकणारी नाही. हाइन्रिख शेंकर (१८६८–१९३५) याने कॉर्डऐवजी दीर्घ पल्ल्याच्या स्वरसंचारावर भर दिला. एकविसाव्या शतकातील संशोधनाने नेपल्सच्या संगीतशाळांतील तळस्वरांचे पाठ पुन्हा उजेडात आणले असून त्या पाठांतून मुरलेल्या ठरावीक स्वरवाक्यांच्या आधारे रचनाकार विचार करीत, असे दाखवून दिले आहे. शेंकरची पद्धत बेथोव्हनच्या मोठ्या रचनांना अधिक मानवते, तर ही दुसरी दृष्टी मोट्सार्टच्या बालवयातील व समकालीन इटालियन रचनांवर अधिक प्रकाश टाकते.

उत्तरकाल : बेथोव्हनने ही व्यवस्था मोडली नाही, परंतु तिच्यातील अंतरे बदलली. पहिल्या सिंफनीचा (१८००) आरंभच त्याने सी मेजरमध्ये न करता मध्यमाकडे ओढणाऱ्या कॉर्डने केला. ‘वाल्डश्टाइन’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या सोनाटात (ओपस ५३) सी मेजरमधून केंद्रांतर पंचमाकडे न होता गांधारावरील ई मेजरकडे होते. पुनर्मांडणीत तीच सुरावट प्रथम ए मेजरमध्ये येऊन मग सी मेजरमध्ये सरकते. पंचमाचा एकाधिकार गेल्यावर केंद्रांमधील नात्यांत ताणापेक्षा रंगछटेला महत्त्व येऊ लागले आणि शूबर्टच्या (१७९७–१८२८) रचनांत ही प्रवृत्ती बळावली. बेथोव्हनच्या १८२६ मधील सी शार्प मायनर तंतुवाद्यचतुष्टयात (ओपस १३१) सात भाग न थांबता वाजतात. त्यांपैकी पहिला भाग संथ फ्यूग आहे, दुसरा अर्ध्या स्वराने वरच्या डी मेजरमध्ये आहे आणि पूर्ण सोनाटा रूप सातव्या भागात, म्हणजे जेथे एरवी सर्व काही मिटलेले असते तेथे, प्रथमच अवतरते.